टेबल नंबर सहावरची सिंधूआत्या

पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटं, आणि विजयश्रीच्या हातात आम्रपालीच्या स्टेटसचा फोटो. पेला स्टीलचा होता, कंपनीच्या कॅन्टीनमधला, काठाला पोचा आलेला, आणि त्याला टेकवून मोबाईल उभा केलेला होता. मोबाईलवर मालिकेतल्या ऋजुताचा चेहरा, रडवेला, अर्धाच. इअरफोनची पांढरी वायर पेल्यामागून येऊन तिला दोन फाटे फुटलेले, एक उजवीकडे फोटोबाहेर गेलेला, एक डावीकडे. आणि डाव्या फाट्याजवळ, टेबलावर, एक हात. खाली आम्रपालीनं लिहिलं होतं, ‘शेवट... दोघी खूप रडलो.’ वेळ काल रात्रीची, आठ एकावन्न. विजयश्रीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. हात बिल्किसचा होता. अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं – वायरला टोक बसवायच्या मशीनमध्ये सापडलं होतं ते, तेव्हा कॅन्टीनमधून बर्फ पळत मीच आणला होता, आम्रपाली तेव्हा कंपनीत नव्हतीसुद्धा...

एकच इअरफोन. एक टोक हिच्या कानात, एक तिच्या.

“डबा भरला का?” तिच्या नवऱ्यानं, रविराजनं, बाथरूममधून विचारलं. तो भोसरीला प्रेस शॉपमध्ये होता आणि दिवसातून तिला तीन प्रश्न विचारायचा, त्यातला हा पहिला. तिनं भरला म्हटलं, भरला नव्हता, मग भरला.

काल साडेआठची मालिका तिनंही पाहिली होती, गवार मोडता मोडता, एकटीनं. आठ महिने चाललेलं प्रकरण काल संपलं: ऋजुताच्या नवऱ्याचं, निनादचं, बाहेरचं उघडकीला आलं होतं, आणि काल ऋजुतानं त्याला माफ करून घरात घेतलं. भाग संपल्यावर विजयश्री टीव्ही बंद करून बराच वेळ तशीच बसली होती. दुःख वगैरे नव्हतं ते. उद्या हे बिल्किसला कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं, माफीचं वाक्य कुठल्या आवाजात म्हणायचं आणि त्यानंतर सिंधूआत्याला काय बोलायला लावायचं, याची ती जुळणी करत होती. आणि त्याच वेळी, बरोबर त्याच वेळी, चाकणच्या कॅन्टीनमध्ये...

सहा दहाची बस चिखलीहून निघाली तेव्हा आत वाद सुरूच होता.

“न्हाई पटलं मला,” इंदुताई म्हणाल्या. त्या मोशीच्या जुन्या घरातल्या, पॅकिंगला होत्या, आणि बसमध्ये पहिली खिडकी त्यांचीच असे. “आठ म्हैनं रडिवलं आन् शेवटाला काय? पुन्ना त्येच्याच ताटात वाढायचं! आगं, वाढायचं तर वाढ, पर येक डाव पातेलं तरी आपट.”

“मला आवडलं,” अपेक्षा म्हणाली. “माफ करायला ताकद लागते, इंदुताई.”

“व्हय का? तुझं लगीन व्हऊ दे. मग बगू तुझी ताकद.”

बस हसली. मागून कुणीतरी म्हणालं की निनादला मारायला हवा होता, अपघातात, सोप्पं झालं असतं. आणि कुणीतरी म्हणालं, छे गं, तो मेला तर मालिका कोण बघेल, दिसायला तोच तर एक बरा आहे. मग अपेक्षानं मान वळवली. “विजूताई, तुम्ही गप्प का? बिल्किसमावशीला आज कसं सांगणार हे? त्या तर चिडतील.”

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या पाळीची विजयश्री साडेतीनला टेबल नंबर सहा सोडते आणि दुसऱ्या पाळीची बिल्किस ते घेते. चार्ज देताना जी दहा मिनिटं मिळतात त्यांत विजयश्री तिला आदल्या रात्रीचा भाग सांगते, दोन वर्षं, रविवार सोडून रोज. साडेआठला बिल्किस कंपनीत असते. मोबाईल आत लॉकरमध्ये. कॅन्टीनमध्ये चालतो, पण तिनं कधी त्यावर पाहिलं नाही, घरी दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. एकदा विचारलं तर म्हणाली होती, “बघायला बसलं की कुणीतरी हाक मारतंच. सासू, नाही तर दीर चांदभाई, नाही तर पोरगी. तू सांगतेस तेव्हा मला कुणी हाक मारत नाही.”

हे वाक्य विजयश्रीनं कुणाला सांगितलं नव्हतं. रविराजला तर नाहीच.

“तिनं पाहिलं काल,” विजयश्री म्हणाली. “आम्रपालीच्या मोबाईलवर.”

“अगंबाई,” अपेक्षा म्हणाली, “मग तुमचं काम वाचलं.”

वाचलं. इंद्रायणीचा पूल गेला, कुरुळी गेली, आणि ते ‘वाचलं’ तिच्या कानातून जाईना. कारण खरी गोष्ट या बसमधल्या कुणालाच माहीत नव्हती. साडेआठच्या मालिकेत सिंधूआत्या नावाचं कुणीही नव्हतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये चिखलीचा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि तिचा एक भाग बुडाला. दुसऱ्या दिवशी साडेतीनला बिल्किस नेहमीसारखी आली, टोपीत केस कोंबत म्हणाली, “कालचं सांग,” आणि विजयश्रीला लाइट नव्हती हे सांगायला जमलं नाही. साधं वाक्य होतं. पण समोर बिल्किसचा चेहरा होता, तयार, सगळी दारं उघडी टाकल्यासारखा... आणि विजयश्रीच्या तोंडून निघून गेलं की ऋजुताच्या शेजारी एक म्हातारी राहायला आली. सिंधूआत्या. बीडकडची. आल्या आल्या तिनं निनादच्या गाडीच्या बोनेटवर कुरडया वाळत घातल्या. निनाद ओरडला तर म्हणाली, “लेकरा, तुझी गाडी दिवसभर हुबीच ऱ्हातीय, तिला जरा काम नको व्हय?” बिल्किस इतकी हसली की सुपरवायझरनं वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिनं ऋजुताचं विचारलं नाही. म्हणाली, “आत्या काय म्हणाली आज?”

आत्या मग रोजच काहीतरी म्हणू लागली. ऋजुताच्या सासूला म्हणाली, निनादला म्हणाली, एकदा ऋजुतालाही चांगलं झापलं. विजयश्री रात्री भाग बघायची तो आता खांब बघितल्यासारखा, आत्याला कुठे टेकता येईल तेवढ्यापुरता. जी वाक्यं तिला स्वतःच्या घरात, माहेरी आष्टीत की सासरी चिखलीत, कधी कुणाला म्हणता आली नव्हती ती आत्या फाडकन म्हणून टाकायची, आणि बिल्किस टेबलावर हात आपटून म्हणायची, “शाब्बास!” कुणाला शाब्बास? आत्यालाच. पण ते हात आपटणं घेऊन विजयश्री घरी जायची.

आणि काल बिल्किसनं खरी मालिका पाहिली. अख्खा भाग. शेवटाला लग्नाला जमावीत तशी सगळी पात्रं जमली होती – सासू, नणंद, वकील, अगदी दूधवालासुद्धा – आणि त्यात सिंधूआत्या नव्हती. बिल्किसनं शोधली असेल. बाजूला आम्रपाली, जिला मालिका पहिल्या भागापासून पाठ. कोण आत्या, मावशी? अशी कुणीच नाहीये... हे कुठल्या आवाजात म्हणाली असेल ती? कानात एकच इअरफोन असताना माणसं हळू बोलतात. डोकी जवळ असतात.

सात ते साडेतीन तिच्यासमोरून गाडीच्या वायरिंगचे जुडगे जात राहिले. प्रत्येक टोक ओढून बघायचं, सुटलं तर लाल पेटीत. दहा वाजता सुपरवायझर लाल पेटीतले सात जुडगे घेऊन आला. “विजूताई, यातले पाच चांगले आहेत राव. तब्येत ठीक आहे ना?” ठीक आहे म्हणाली. टोक कसं ओढायचं हे आम्रपालीला तिनंच शिकवलं होतं, इथेच, याच टेबलाशी. मनगटातून नाही, कोपरातून. पंधरा दिवसांपूर्वी पोरगी स्वतः मागून दुसऱ्या पाळीत गेली, सकाळी ताथवड्याला कसलासा कोर्स करते म्हणून. चोवीस वर्षांची. हातात बारीक घड्याळ. तिला सांगावं लागत नाही, ती दाखवते. जे आहे तेच दाखवते. खोटं पकडलं जायची तिला भीतीच नाही... आणि बिल्किसला आता कळलं असेल की दोन वर्षं आपण जिचं तोंड बघत उभ्या राहिलो ती बाई फसवत होती. पुढे काय? साडेतीनला रजिस्टर देईन, ती सही करेल, मी जाईन. एवढंच तर काम आहे. दहा मिनिटं लागतच नाहीत त्याला. एक मिनिट पुरतं.

बिल्किस तीन वाजून एकोणीस मिनिटांनी आली. ‘कालचं सांग’ म्हणाली नाही.

“काल बघितलं मी,” ती म्हणाली.

“कळलं. स्टेटस पाहिलं.”

“त्या पोरीनं जबरदस्तीनं कानात घातलं. बघच मावशी, शेवट आहे.” बिल्किसनं केस टोपीत कोंबले. “आणि मी कुठं रडले गं? ती रडली. स्टेटसला काय, काहीही लिहितात.”

“कसं वाटलं?”

“साड्या चांगल्या होत्या. माफीबिफी मला नाही पटली, आम्रपालीला पटली. अर्ध्यात तर मला भूकच लागली.” तिनं रजिस्टर पुढे ओढलं, चिरलेलं नख आकड्यांवरून खाली नेलं, सात रिजेक्टवर थांबलं. “सात?”

“पाच चुकून.”

“हं.” सही केली. मग मान वर न करता म्हणाली, “सिंधूआत्या नव्हती काल.”

विजयश्रीनं तोंड उघडलं. जूनपासून आत साठलेलं एक साधं वाक्य होतं, लाइट नव्हती त्या दिवशी, ते आताही आलं नाही.

“मी विचारलं आम्रपालीला. ती म्हणते, कोण आत्या? अशी कुणी नाहीच. मी म्हटलं, बाई, तू जाहिरात लागली की उठतेस, तुला काय दिसणार? मग मीच सांगितलं तिला. ते कुरडयांचं सांगितलं, बोनेटवरचं. पोरीच्या नाकात पाणी गेलं हसून. मग ते पोलीस पाटलाचं काढलं – तो चौकशीला येतो आणि आत्या त्यालाच डाळ भरडायला बसवते, वर्दीवाल्यासारखा ताठ बसतो बघ जात्यावर – आणि डाळ झाल्यावर त्याला एकच गोष्ट विचारते... तिथवर आले आणि जेवणाची सुट्टी संपली. उरलेलं आज ऐकणार म्हणाली. मागेच लागली माझ्या.”

“बिल्किस –”

भोंगा झाला. सुपरवायझरनं टाळी वाजवली, चला चला. बिल्किस टेबलाला भिडली होती, पहिला जुडगा हातात. “उद्या, विजू,” ती म्हणाली, आणि टोक ओढलं. कोपरातून.

परतीची बस तीन चाळीसला गेटबाहेर पडली आणि फाट्याजवळ कंटेनरांच्या रांगेमागे उभी राहिली. इंदुताई झोपल्या होत्या. विजयश्रीला पहिल्यांदा हलकं वाटलं. वाचले, तिनं विश्वास ठेवला, खरी मालिका खोटी ठरवली आणि माझी खरी. हे तिला तीनचार मिनिटं पुरलं. मग ती मोजू लागली. कुरडयांचं, जूनमधलं. नळाच्या भांडणाचं. पासपोर्टच्या फोटोसाठी आत्या गॉगल घालून बसली ते. सासूच्या भिशीचं. एकेक करून सगळी... आणि पुन्हा एकदा, पहिल्यापासून.

पोलीस पाटील त्यात नव्हता. कसा असेल? ऋजुताचा बंगला शहरातला, तिथे पोलीस पाटील कशाला येईल. जातं तर तिनं कधी आणलंच नव्हतं. ते बिल्किसचं होतं.

म्हणजे तिला माहीत आहे. कालपासून? की पहिल्या कुरडईपासूनच, आणि तरीही रोज तेवढ्याच उघड्या चेहऱ्यानं... पण हे फिरत असतानाच त्याच्या खालून दुसरं काही वर येत होतं, तापलेलं, आणि सकाळच्या फोटोपेक्षा जास्त लागणारं: माझी आत्या, तिच्या तोंडात. आम्रपालीच्या कानात, इअरफोनशिवाय. ती जात्याची कल्पना चांगली होती. ताठ बसतो बघ – हे ‘बघ’ तर फारच चांगलं होतं, मला सुचलं नसतं. आणि विचारलं काय तिनं त्याला? डाळ भरडून घेतल्यावर आत्या पोलीस पाटलाला काय विचारेल? विजयश्रीनं दोनचार प्रश्न करून पाहिले. एकही आत्याचा वाटेना.

दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी आठ वीसला होते. तेव्हा ते आम्रपालीला कळणार होतं. विजयश्रीला उद्या साडेतीनच्या आधी कळायची काही सोय नव्हती, उद्याही सांगेलच असं बिल्किस म्हणाली नव्हती. आत्ता तीन एकावन्न झाले होते, आणि पुढचा कंटेनर अजून हलला नव्हता.