दांडी सोड, लंगड्या

"लंगड्या, दांडी सोड."

"पडेन."

"मग पड. खाली जमीनच आहे, विहीर नाही."

मी दांडी सोडली आणि पडलो. मिस्त्री स्टुलावरून हललेसुद्धा नाहीत. कृत्रिम पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर कानस फिरवत म्हणाले, "झकास. कालच्यापेक्षा पुढे जाऊन पडलास. ऊठ."

मी हसलो आणि उठलो. पण कुणाच्या तरी भाच्याने मोबाइलवर हे टिपलं तेव्हा माझं हसणं येण्याआधीच त्याने व्हिडिओ थांबवला. त्यामुळे जगाला दिसलं ते एवढंच: एक अपंग पोरगा जमिनीवर आणि एक धडधाकट म्हातारा त्याला लंगड्या म्हणतोय.

'धडधाकट' या शब्दावर मिस्त्री खूप वेळ खूश होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. आहे तो त्यांनी स्वतःच बनवलेला, आणि इतका बेमालूम की रुग्णालयातल्या जुन्या कर्मचाऱ्यांनाही पत्ता नव्हता; अधीक्षकांना तेवढं नोकरीच्या कागदांवरून माहीत होतं. लपवला नव्हता, कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. फक्त बसल्या जागेवरून उठताना त्यांना वेळ लागायचा. आधी एक हात टेबलावर, मग एक श्वास, मग उभं राहणं. म्हणून ते कुणासाठी उठत नसत. अधीक्षक आले, देणगीदार आले, एकदा मंत्री आले. मिस्त्रींनी बसूनच नमस्कार केला आणि कानस चालू ठेवली.

उठायचे ते एकाच वेळी. दोन लोखंडी दांड्यांना धरून चालायला शिकणारा माणूस ज्या दिवशी दांड्या सोडून, कुणाचा हात न धरता त्यांच्या टेबलापर्यंत येई, त्या दिवशी मिस्त्री कानस खाली ठेवत आणि उभे राहत. अभिनंदन नाही, भाषण नाही. नुसते उभे. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंसाठी ते उठले तेव्हा मी बाकावर बसून पाहत होतो. आयुष्यभर वर्ग आपल्यासाठी उभा राहिलेला पाहणाऱ्या बाई तोंडाला पदर लावून रडल्या. मला तेव्हापासून पाय नको होता, फक्त मिस्त्री उठायला हवे होते. पाय ही त्यातली अडचण होती.

आता लंगड्याचं सांगतो, कारण ते कुणीच विचारलं नाही. माझा पाय पार्सल पोचवताना ट्रकखाली गेला. पार्सलला ओरखडाही आला नाही. त्यात बूट होते. घरी आल्यावर सगळे माझ्याशी इतकं हळू बोलू लागले की मला वाटलं मी गेलोय आणि मलाच कळवायचं राहिलंय. मामा तर खोलीत येताना दार वाजवून "आत येऊ का राजा?" विचारायला लागला. हाच मामा आधी मला 'ए दगडा' म्हणायचा.

पहिल्या दिवशी कार्यशाळेत गेलो. छताला ओळीने कृत्रिम पाय टांगलेले. मिस्त्रींनी वर न बघता विचारलं, "काय म्हणू तुला?"

"म्हणजे?"

"कुणाला नाव आवडतं, कुणाला आडनाव. त्या मुख्याध्यापिका, त्यांना बाई म्हणायचं. चुकून मावशी म्हणालो तर छडी शोधतात. तुझं बोल."

"लंगडा म्हणा," मी म्हणालो. "घरात एवढं गोड बोलतात की मधुमेह होईल."

मिस्त्रींनी पहिल्यांदा मान वर केली. "बरं, लंगड्या. पँट वर कर, माप घेऊ."

तर हा तो अपमान. मीच दिलेला, मोजूनमापून घेतलेला.

संध्याकाळपर्यंत देश पेटला. मी स्वतः त्या व्हिडिओखाली लिहिलं, 'यात पडलेला मी आहे. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.' लगेच उत्तर आलं, 'आधी अपंगांच्या वेदना समजून घ्या, मग बोला.' दुसऱ्याने लिहिलं, 'खोटं खातं.' तिसरी बाई जरा मायाळू होती. ती म्हणाली, 'इतकी वर्षं दबून राहिलं की अन्याय झालेलाही कळत नाही, बाळा.' मी आरशात पाहिलं. मला लंगडा होऊन जेमतेम हिवाळा उलटला होता.

मोर्चा रुग्णालयाच्या फाटकावर आला तेव्हा फाटकाच्या शेजारचा उतार, जिथून चाकाच्या खुर्च्या आत येतात, तो मोर्चेकऱ्यांच्या मोटरसायकलींनी भरला. मुख्याध्यापिका बाईंच्या पायाचा सॉकेट, म्हणजे वरची वाटी, सैल झाला होता, म्हणून त्या पुन्हा चाकाच्या खुर्चीत होत्या आणि बाहेरच अडकल्या. त्यांनी घोषणा देणाऱ्या एकाला गाडी हलवायला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तुमच्याचसाठी चाललंय, थोडं सहन करा."

अधीक्षकांनी कार्यशाळेला कुलूप लावलं. आत छताला टांगलेले पाय, बाहेर बाकावर त्यांचे मालक.

मोर्चाच्या पुढारी ताई माझ्या घरी आल्या. मागे कॅमेरावाला. मी समोर बसलो होतो आणि ताईंनी आईला विचारलं, "याच्या चहात साखर चालते का हो?"

"पाय गेलाय ताई," मी म्हणालो. "जीभ आहे."

ताई आईकडे बघून हसल्या. "किती गोड बोलतो!"

"ताई, मिस्त्रींना तसं म्हणायला मीच सांगितलं होतं."

"तू घाबरू नकोस रे."

"मी घाबरलेलो नाहीये."

"बघा," ताई आईला म्हणाल्या, "किती घाबरलाय."

आई चहा ओतता ओतता थांबली. माझी आई कुणाला उलट बोलत नाही. तिने ताईंचा कप उचलला, आत नेला आणि परत आणलाच नाही. त्या घरात त्या दिवशी माझ्या बाजूने झालेलं आंदोलन तेवढंच.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत मला आणि मिस्त्रींना बोलावलं. अधीक्षक वाईट नव्हते. त्यांना फक्त संध्याकाळी वेळेवर घरी जायचं होतं.

"मिस्त्री, साधा उपाय आहे. कॅमेऱ्यासमोर पँट वर करा, पाय दाखवा. प्रकरण मिटलं. उलट ते तुमचा सत्कार करतील."

"ताई तसं म्हणाल्या?"

"मी नुसतं सुचवलं, तर लगेच तयार झाल्या. शाल आणतो म्हणाल्या. 'प्रेरणास्थान' असा फलकही करतायत. फक्त पँट गुडघ्यापर्यंत."

 मिस्त्री म्हणाले, "पाय दाखवून खायचं असतं साहेब, तर बनवायला कशाला शिकलो असतो? चौकात बसलो असतो."

"मग माफी मागावी लागेल. जाहीर. आणि सोमवारपासून तुम्ही भांडारात. कार्यशाळेत नवा माणूस."

"कुलूप निघेल?"

"माफी मागितली की त्याच संध्याकाळी."

"बाईंचा नवा सॉकेट अर्धा राहिलाय. नवा माणूस पुरा करेल ना?"

"करेल."

"मग मागतो."

मी ओरडलो. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द ताईंच्या मंजूर शब्दांत बसणारा नव्हता. "तुम्ही माफी मागताच कशी? आणि कुणाची? मी समोर बसलोय, मला विचारा की!"

मिस्त्री म्हणाले, "लंगड्या, आवाज खाली. बाहेर बाकावर माणसं बसलीयत. त्यांना चालायचंय, तुला जिंकायचंय. आधी कुणाचं?"

 या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो.

माफीचा कार्यक्रम 'सन्मान सभा' या नावाने पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवला होता. लिफ्ट बंद होती. मला चार स्वयंसेवकांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. त्यातल्या एकाने वळणावर थांबून फोटो काढून घेतला. खुर्ची तिरकी झाली आणि मी जवळजवळ परत ट्रकखाली गेलो.

सभा सुरू होण्याआधी मिस्त्री आडोशाला माझ्यापाशी आले. हातात कापडी पिशवी. पिशवीत माझा पाय.

"कुलूप लागायच्या आधी घरी नेला होता," ते म्हणाले. "वरच्या कडेला टोचत होता ना? घासलाय. घालून बघ."

घातला. टोचत नव्हता.

"बरं," म्हणाले, आणि मंचावर जाऊन ठेवलेल्या खुर्चीत बसले. पुढ्यात टेबल, टेबलावर माइक, हातात ताईंनी लिहून दिलेला माफीचा कागद.

ताई बोलत होत्या. आदर, संवेदना, समाज, आदर. टाळ्या. मग त्या म्हणाल्या, "आता आपल्या त्या पीडित बांधवाला मंचावर आणू या, आणि यांनी त्याच्या पायाशी बसून क्षमा मागावी."

कुठल्या पायाशी ते त्यांनी सांगितलं नाही.

स्वयंसेवक खुर्ची उचलायला वाकले. मी म्हणालो, "हात लावायचा नाही."

मंचाला पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. धरायला दांडी नव्हती, भिंत नव्हती, काहीच नव्हतं. मी उठलो. सभागृहात आधी कुजबुज आणि मग सगळे मोबाइल वर. पहिली पायरी मी घामाने चढलो. दुसरीवर डुललो, समोरच्या रांगेतून 'अरेरे' आलं. खाली जमीन आहे, मी स्वतःला सांगितलं, विहीर नाही. मग वर होतो. मग टेबलाच्या दिशेने चालत होतो, आणि माझे दोन्ही हात रिकामे होते.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. पायाकडे बघत होते, टाच कशी पडते ते.

मी टेबलापाशी पोचलो.

त्यांनी माफीचा कागद खाली ठेवला, कानस ठेवतात तसा. एक हात टेबलावर टेकला. एक श्वास घेतला. आणि उभे राहिले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. "पाहिलंत!" ताई माइकवर ओरडल्या. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "अखेर उठावं लागलं! हा आपला विजय आहे!"

कुणी शिट्टी मारली.   टाळ्या थांबेपर्यंत आम्ही समोरासमोर तसेच राहिलो. आमच्या दोघांत मिळून स्वतःचे पाय दोनच.

बाकी सगळं सभागृह बसलेलं होतं.