बंपर निघाला लग्नाला

मित्रांनो, मी एका जुन्या इम्पाला गाडीचा पुढचा बंपर आहे. वयाने तुमच्या आजोबांएवढा, पण चेहरा मात्र अगदी कालचा! माझी उमेदीची वर्षं न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावात, एलॉयच्या दारात गेली. त्याची बायको ऑर्लिंडा नवरी होऊन याच गाडीतून चर्चला गेली होती. पुढे मला पोचे आले, गंज चढला, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. फार वाईट वाटे मला.

मग एलॉयला गाडी नव्याने उभी करायची हुक्की आली. त्याने मला अल्बुकर्कीला तोमासच्या मुलामा चढवण्याच्या कारखान्यात नेलं.

"नुसतं क्रोम चढवून दे की," तो म्हणाला.

"क्रोम म्हणजे रंग नव्हे, बाबा! खालचा एक ओरखडाही झाकत नाही," तोमास हसला.

त्याने मला आम्लात बुडवून जुनं क्रोम उतरवलं, पोचे ठोकून काढले, घासघास घासलं. मग तांब्याचा थर, त्यावर निकेलचा आणि शेवटी क्रोमचा. बाहेर आलो तर माझ्यात आकाश दिसत होतं! मी हुरळून गेलो.

पण एलॉय मला इतका जपू लागला, की गाडी गॅरेजबाहेर निघेना. रोज पुसायचा आणि वर चादर ओढायचा. अंधारात चकाकून मी करू काय?

अशात त्याच्या लेकीचं, बर्नाडिटचं लग्न ठरलं.

"बाबा, मी आईसारखी याच गाडीतून जाणार."

"अगं पोरी, कच्चा रस्ता तो! खडे उडतील. दुसरी गाडी मागवतो ना."

ऑर्लिंडा भडकली. "गाडी आहे का चर्चमधली संताची मूर्ती? लेक एकदाच नवरी होते. बस तू बंपरला कुरवाळत!"

एलॉय मला पुसतच राहिला. लग्नाच्या सकाळी मात्र त्यानेच चादर ओढून काढली.

वाटेत टणकन खडा लागला. करकचून ब्रेक दाबून एलॉय उतरला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. ओरखडा चांगला बोटभर होता. झगा सावरत बर्नाडिटही आली.

"फार लागलं का हो, बाबा?" ती वाकली.

दोघांचे चेहरे माझ्यात शेजारी शेजारी उमटले. एलॉय ओरखडा विसरून नवरीकडेच बघत राहिला. त्याने डोळे पुसले, त्याच रुमालाने मलाही पुसलं.

"चल पोरी. उशीर झाला तर तुझी आई मलाच आम्लात बुडवेल!"

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर घासापुसा, पण चार माणसांत घेऊनही जा. परवा तोमास आला होता. ओरखडा पाहून म्हणाला, "आण, नवं क्रोम चढवून देतो."

"हात लावशील तर खबरदार!" एलॉय म्हणाला.