ऑर्विल घाबरला होता का?

"मेरेल, जिथे आहेस तिथेच थांब," ओपा म्हणाले.

आमच्या ओपांच्या, म्हणजे आजोबांच्या, कुठल्याही वाक्याला शेपटीसारखा एक विनोद लटकलेला असतो. या वाक्याला नव्हता. म्हणून मी थांबले. एक पाय पुढे, एक मागे, हातात फोन. फोनवरचा निळा ठिपका मी बरोब्बर हव्या त्या जागी आणून ठेवला होता, आणि त्याबद्दल आत्ता आत्तापर्यंत स्वतःवरच खूश होते.

ओपा समोरच्या खळग्यात बसले होते. बसले म्हणजे घसरून पडले होते. ओल्या पानांचा थर त्यांच्याबरोबर खाली सरकला होता आणि त्यांच्या उजव्या टाचेशी काहीतरी उघडं पडलं होतं. बरणीच्या मानेएवढं, गंजलेलं. त्या मानेवर तीन बारीक शिंगं.

"ओपा, ते काय आहे?"

"तुझ्या प्रोजेक्टात त्याचं चित्र आहे, पोरी. ते पान तू रंगीत छापून घेतलं होतंस."

मग मला दिसलं की टाच शिंगांच्या जवळ नव्हतीच. ती शिंगांना टेकलेली होती.

जर्मन सुरुंग. शिंगांवर वजन पडलं की आधी उसळून वर येतो आणि मग फुटतो. हे मी सगळ्या वर्गाला मोठ्या थाटात सांगितलं होतं.

आम्ही तिथे काय करत होतो, ते सांगते. जर्मन सीमेलगतच्या आमच्या लिम्बुर्गातल्या गावाजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे, टेकडीभर पांढरे क्रॉस. इकडच्या प्रत्येक घराचा तिथे एक 'आपला' सैनिक असतो. लढाई संपली तेव्हा लोकांनी एकेक कबर दत्तक घेतली, आणि ती घरातल्या भांड्याकुंड्यांसारखी पुढच्या पिढीकडे येत राहिली. आमचा सैनिक ऑर्विल स्टानेक. नेब्रास्काचा, वय वर्षं एकोणीस. ओपांच्या आईने, ओमा फीनने, ही कबर घेतली. तिच्यानंतर ओपा ह्यूब, आणि आता मी. त्याच्या वाढदिवसाला फुलं, नाताळला फुलं. लहान असताना मला तो दूरचा मामाच वाटायचा, जो कधी घरी येत नाही.

यंदा शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी त्याचं आयुष्य शोधून काढायचं ठरवलं. वर्गात आजवर हात वर न करणारी मी! पण मी त्याची शाळा शोधली, त्याची पलटण शोधली, आणि सगळ्यात भारी म्हणजे त्याची जिवंत बहीण शोधली. मिली तिचं नाव, वय ब्याण्णव. भाषणाच्या दिवशी वर्ग इतका शांत होता की स्टाईनने च्युइंगगम चावायचंसुद्धा थांबवलं. त्या दिवसापासून माझी चालच बदलली, असं आई म्हणते. आई ते कौतुकाने म्हणत नाही.

मिलीआजीशी व्हिडिओवर बोलणं झालं तेव्हा मी तिला सगळं वाचून दाखवलं. त्याचे अधिकारी काय म्हणाले, सोबती काय म्हणाले. सगळे एकच म्हणत होते, शूर. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाबरला होता का गं तो?"

"छे! अजिबात नाही!" मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे बघत बसली. मला वाटलं होतं ती खूश होईल. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो जिथे पडला ती जागा बघशील का? मला एक फोटो पाठव. कसं होतं तिथे, ते मला कोणीच सांगत नाही."

म्हणून आम्ही सीमा ओलांडून या जर्मन जंगलात आलो होतो. गाडीने तासभरही लागत नाही. लढाईच्या वेळी विमानातून काढलेला जुना फोटो मी फोनवरच्या नकाशावर चढवला होता. ओढ्याचं वळण तेच, झाडांमधली पट्टी तीच. पायवाटेवर पिवळी पाटी होती, वाट सोडू नका, जमिनीत दारूगोळा आहे. ओपा पाटीपाशी थबकले.

"अहो ओपा, ती पाटी पर्यटकांसाठी आहे."

"आणि आपण कोण?"

"आपण त्याचे घरचे," मी म्हणाले आणि वाट सोडली. ओपा माझ्यामागे आले. मग चालता चालता पुढे गेले, कारण ओपांना कोणाच्या मागे चालणं जमतच नाही.

फोनला जेमतेम रेंज होती. आपत्कालीन नंबरवर एक बाई जर्मनमध्ये बोलू लागली. माझ्या जर्मनला शाळेत दहापैकी सहा आहेत, त्यातले दोन दयेचे. तरी मी सगळं सांगितलं. सुरुंग, आजोबा, टाच, जुना फोटो, ओढा. बाईने एकही चूक काढली नाही. ती एवढंच म्हणाली, "दोघांनीही हलू नका. तूसुद्धा नाही. तुझ्या पायाखाली काय आहे ते कोणालाच माहीत नाही."

तोवर मी फक्त ओपांसाठी घाबरले होते. आता मी माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांखाली पानं होती. पिवळी, तपकिरी, ओली, अगदी साधी पानं. माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या, जणू मी अंग हलकं केलं तर जमिनीला कळणारच नाही मी उभी आहे ते.

"काय म्हणाली?" ओपांनी विचारलं.

"येतायत."

"चहा घेऊन येतायत की झाडू?"

"ओपा, प्लीज हसवू नका."

"मी तुला नाही हसवत गं. मी पायाला हसवतोय. थरथरतोय बघ तो."

खरंच थरथरत होता. पँटच्या कापडावर ती थरथर मला माझ्या जागेवरून दिसत होती. ओपांच्या त्या बाजूच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ओपांनी दोन्ही हातांनी मांडी धरून ठेवली होती, खोडकर मुलाला मांडीवर दाबून बसवतात तशी.

"म्हातारा पाय," ते म्हणाले. "तुझ्या आईसारखा. माझं ऐकतच नाही."

झाडांतून वारा आला आणि वरून पाण्याचे थेंब गळले. एक थेंब शिंगांजवळच्या पानावर पडला, टप. आम्ही दोघंही एकदम दचकलो आणि मग दचकलो म्हणून आणखी घाबरलो. मला धावायचं होतं. कुठे ते माहीत नव्हतं. नुसतं धावायचं होतं, मागे ओपांना सोडूनसुद्धा, आणि हे मनात आलं म्हणून मला रडू कोसळलं.

"बोल काहीतरी," ओपा म्हणाले. "तुझं ते भाषण म्हण. मला ऐकायचंच होतं ते."

"आत्ता?"

"मला दुसरीकडे कुठे जायचंय का?"

मी डोळे पुसले, हात हळूच, अगदी हळूच वर नेऊन. आणि म्हणू लागले. "ऑर्विल स्टानेक नेब्रास्कातल्या एका शेतावर वाढला. तो सैन्यात गेला तेव्हा त्याने नुकतीच शाळा संपवली होती. त्याचे सोबती सांगतात की ऑर्विल अतिशय शू..."

वर्गात किती टेचात म्हणाले होते मी तो शब्द! इथे, या पानांवर उभं राहून, तो मला म्हणताच येईना.

"नव्हता," ओपा म्हणाले.

"काय?"

"शूर नव्हता तो, मेरेल. आई मला सांगून गेली होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगणारही नव्हतो."

ओपांनी मांडीवरची पकड बदलली. मग ते टाचेकडेच बघत बोलत राहिले.

"लढाईच्या त्या वर्षी आपल्या घरात चार अमेरिकन पोरं उतरली होती. ऑर्विल त्यातलाच, हे तुला माहीत आहे. मी पाळण्यात होतो. बाकीचे तिघे पत्ते खेळायचे, हा स्वयंपाकघरात बसून माझा पाळणा हलवायचा. त्यांना इकडे या जंगलात पाठवायचा हुकूम आला, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो बाबांकडे आला. आपल्या गवताच्या माळ्यावर मला लपवा म्हणाला. भाषा येत नव्हती, म्हणून माळ्याकडे बोट दाखवलं, आणि मग स्वतःकडे. बाबांनी मान हलवली, नाही. त्याने परत बोट दाखवलं. मग गुडघ्यावर बसला. आई म्हणायची, त्याचे दात वाजत होते. तुझ्या लहानपणीच्या वाळवलेल्या वाटाण्यांच्या खुळखुळ्यासारखे."

"मग?"

"मग काय. बाबा म्हणाले, तुम्ही पोरं पुढे गेला नाहीत तर जर्मन परत येतील. माझ्या घरात बाळ आहे. त्याला खांद्याला धरून उठवलं आणि दार उघडलं."

"म्हणजे पणजोबांनी..."

"बाबाही घाबरलेच होते गं. सगळेच घाबरले होते. आई महिनाभराने दफनभूमीवर गेली, चिखलातून नावं वाचत फिरली, आणि तिला त्याचं नाव सापडलं. लोकांनी कबरी उपकाराची फेड म्हणून घेतल्या. आईने ती कशाची म्हणून घेतली, ते तिने बाबांसमोर कधी उच्चारलं नाही."

मी त्या खळग्याकडे पाहिलं. पानांनी भरलेला, कडा गोल झालेल्या. तो कोणीतरी खणलेला खड्डा होता, एक माणूस आत मावेल एवढा. त्याचाच होता का? ते कोणालाच सांगता येणार नाही. पण त्या वेळी असा कोणीतरी यात बसला होता आणि त्यालाही धावायचं होतं.

"मेरेल," ओपांचा आवाज बारीक झाला होता. "पायात गोळा येतोय."

"ओपा, नाही. नाही. माझ्याकडे बघा. नाकाने श्वास घ्या. बोटं वाकवू नका."

"आता तू मला शिकवतेस?"

"हो! शिकवते! गप्प बसा आणि श्वास घ्या!"

आयुष्यात मी ओपांवर ओरडले नव्हते. ते आज्ञाधारक मुलासारखे श्वास घेऊ लागले. मी त्यांच्याबरोबर घेऊ लागले. आत, बाहेर. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत साठला होता आणि तो पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

मग शिटी ऐकू आली. पायवाटेकडून माणसं येत होती. त्यांच्यातली एक ठेंगणी बाई पोटावर झोपली आणि हातातल्या बारीक सळीने जमीन टोचत, बोटा-बोटाने आमच्याकडे सरकू लागली. इतकी हळू, की मला किंचाळून म्हणावंसं वाटलं, लवकर या! आणि त्याच वेळी, अजून हळू! तिने आधी ओपांचा बूट धरला. म्हणजे नुसता हात ठेवला. "आता हा पाय माझा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला विसरा."

"आनंदाने," ओपा म्हणाले.

तिने टाचेखाली काय केलं ते मला दिसलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दोन माणसं ओपांना काखेत धरून मागे ओढत होती आणि ओपांचा उजवा बूट खळग्यातच राहिला होता.

आम्हाला गाडीपाशी नेऊन बसवलं. कोणीतरी घोंगडी दिली. ओपांनी व्लायचा डबा काढला, आईने केलेला चेरीचा व्लाय, आमच्याकडचा फळांचा केक, पण आमच्या दोघांच्याही हातांना तो तोंडापर्यंत नेता येईना. तेवढ्यात जंगलातून आवाज आला. मोठा नाही. जाड. तो कानांपेक्षा तळव्यांतून आत आला. सगळ्या झाडांवरून कावळे एकदम उठले.

"माझा बूट," ओपा म्हणाले, आणि रडू लागले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही कबरीवर गेलो. पांढऱ्या दगडात कोरलेलं नाव फोटोत दिसत नाही, दगड पांढरा आणि अक्षरंही पांढरीच. म्हणून आम्ही ओली वाळू बोटाने अक्षरांत भरतो आणि वरची पुसून टाकतो. मग नाव उठून दिसतं, पुढच्या पावसापर्यंत. मी वाळूची बादली ठेवली आणि मिलीआजीला फोन लावला. ती रागावली तर? हा सैनिक तुमचा नाही, फुलं ठेवू नका, असं म्हणाली तर?

"मिलीआजी, मी तुला खोटं सांगितलं होतं," मी म्हणाले. "मला माहीतच नव्हतं, तरी सांगितलं. तो घाबरला होता." आणि मी सगळं सांगून टाकलं. माळा, बोट, गुडघे, दात, दार.

तिच्या मागे कुठेतरी घड्याळ वाजत होतं.

"त्याने मागितलं होतं?" ती शेवटी म्हणाली. "लपवा म्हणून?"

"हो."

"आमच्या हंसांना घाबरायचा तो," मिलीआजी म्हणाली. "मी पाच वर्षांची, आणि मी त्याला हाताला धरून अंगण ओलांडून न्यायची. मग तिकडून पत्रं आली, तो शूर होता, शूर होता. मला वाटायचं, हे कोणाबद्दल बोलतायत? आमच्या ऑर्वीला कुठे नेलं?" तिने नाक पुसलं. "हा आमचा ऑर्वी. तुझ्या ओपाला फोन दे."

ओपांनी टोपी काढली.

"पाळण्यातलं बाळ तुम्ही?"

"मीच."

"घाबरलात का त्या जंगलात?"

"माझी पँट बघायला हवी होती तुम्ही."

मिलीआजी हसली, अगदी खोकला येईपर्यंत. मग हसू ओसरलं. "तुमच्या वडिलांवर मी रागावणार आहे," ती म्हणाली. "आज नाही जमत मला. पण रागावणार आहे."

"रागवा," ओपा म्हणाले. "मी ऐकून घेईन."

"आणि फुलं आणत राहा."

ओपांनी मान डोलावली. मी फोन परत घेतला आणि क्रॉससमोर धरला, म्हणजे तिला नाव दिसेल. दुसऱ्या हाताने मी वाळू भरू लागले. वाळू अक्षरांबाहेर सांडत होती.

"सावकाश गं," मिलीआजी म्हणाली. "ऑर्वीचा तो पहिलाच ओ राहिलाय बघ."