तेल प्यालेला कमरपट्टा

चामड्याला तेल द्यावे ते देवाला गंध लावावे तसे, बोटाच्या टोकाने आणि मन लावून, असे माझ्या वडिलांनी मला शिकवले. आणि पवनीच्या ज्या गल्लीच्या शेवटी वैनगंगेचा घाट उतरतो, त्या गल्लीत बसून मी उभा जन्म तेच करीत आलो. कमरपट्टे, बटवे, मनगटी घड्याळांचे पट्टे, मृदंग गळ्यात अडकवण्याचे पट्टे, सारे हाताने कापायचे आणि हातानेच शिवायचे. पहाटे काकडा, दिवसा आरी आणि दोरा, सायंकाळी देवळाच्या ओसरीवर भजन, अशा दिनक्रमात मला काही उणे वाटले नाही. भक्ती कितीही केली तरी जास्त होत नाही. तेल मात्र होते. ते जास्त झाले की चामडे आतून सैल पडते, पट्टा लोंबू लागतो, धोतरावर डाग पडतात, आणि लोक तो टाकून देतात. मी कोणाला टाकू दिला नाही. पाजलेले तेल परत काढता येते. त्याला धीर तेवढा लागतो.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात सुलोचनाबाई आणि त्यांचे धाकटे दीर जागेश्वर माझ्या ओट्यावर आले. पळसाच्या पानांत गुंडाळलेला एक कमरपट्टा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. तो मी ओळखला, कारण तो माझ्याच हातचा होता. सुलोचनाबाईंचे यजमान तुलाराम लुगड्यांचा गठ्ठा घेऊन बाजार करीत, आणि त्यांच्या भरल्या अंगासाठी मी तो मुद्दाम रुंद कापला होता. बारा वर्षांपूर्वी ते आंबागडकडच्या बाजाराला म्हणून निघाले, त्या सकाळी पट्ट्याच्या कडीची शिवण उसवलेली होती, म्हणून पट्टा खुंटीवर ठेवून ते कमरेला दोरी बांधून गेले, आणि परत आले नाहीत. शोध झाला, नवस झाले. आता बारा वर्षे भरत आली होती, आणि रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचे घरात ठरले होते.

"बुवा, याले पट्टा कोन म्हणन?" जागेश्वर म्हणाले. "तळलेला भजा झाला हा!"

"भजा म्हणू नोका, भावजी," सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यायच्या कमरेचा आहे."

थंडीमुळे पट्ट्यावर तुपासारखा पांढरा थर गोठला होता, आणि जिथे माझा अंगठा टेकला तिथे तो विरघळून ओघळला. मोहाच्या बियांच्या तेलाशिवाय असे दुसरे कोणते तेल करीत नाही. दिव्याला ते उत्तम, चामड्याला थोडेच दिलेले बरे.

"किती दिवसांपासून लावता, बाई?"

"ते गेले तवापासून. दर एकादशीले. त्यायले उपास सोसत नव्हता न."

दुःखात माणसाच्या बोलण्याचे दुवे सुटतात, असे समजून मी ते बोलणे पुढे नेले नाही. जागेश्वरांनी मात्र आपले सांगितले. घरातला माणूस ना जिवंत ना गेलेला, म्हणून त्यांच्या मुलीला पाहायला येणारे पाहुणे चहा पिऊन तसेच निघून जात होते. "मंत्र म्हनताना चामडं नोको म्हनतात गुरुजी, पन अग्नी देताना दादाचा पट्टा दादाच्या अंगावर असला पायजे. असा तेलकट ठेवला त पानं भडकतीन. तुमी कोरडा करून द्या."

ते उतरून पुढे गेले. सुलोचनाबाई मागे रेंगाळल्या आणि म्हणाल्या, "काढा बुवा तेल. पन सारं नोका काढू."

दुसऱ्या सकाळी कडीची उसवलेली शिवण घातली आणि, थर घट्ट असतानाच, बांबूच्या चिपेने मी तो खरवडून काढला. मग पट्टा मऊ जुन्या धोतराने टिपला आणि मातीच्या परातीत, तांदळाची पिठी आणि कोरडी पांढरी माती यांच्या मिश्रणात पुरून ठेवला. हे काम उन्हात करू नये, विस्तवाजवळ तर मुळीच नाही. सावलीत, पिठी आपणहून ओढून घेईल तेवढेच घ्यावे. पहिल्या दिवशीची पिठी पिवळी आणि जड होऊन निघाली, तिला तेलाचा कडसर वास होता. ती टाकून मी नवी घातली. तीही पिवळी झाली, पण फिकट. कामाने मला साथ दिली होती, आणि त्या संध्याकाळी भजनात माझा आवाज मोकळा लागला.

तिसऱ्या वेळची पिठी ओली निघाली. तेलकट नव्हे, ओली; बोटांत तिचे गोळे होत होते. मी ती नाकाजवळ नेली. भर दुपारी ओझे घेऊन चालत आलेला माणूस शेजारी बसावा, तसा तो वास होता. जुना घाम तेलाखाली दडून राहिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, पट्टा पुसला, आणि तो निरखताना माझे लक्ष छिद्रांकडे गेले.

तुलाराम टोकाजवळच्या छिद्रात कडीचा काटा अडकवीत. तिथली सुरकुती जुनी, काळी आणि खोल होती. परंतु आता त्याच्या आतल्या छिद्रापाशीही एक सुरकुती उठली होती, आणि तिच्या कडा फिकट, कोऱ्या होत्या. बारा वर्षे तेल प्यालेल्या चामड्यावर कोरी कड राहत नाही. जुनी असती तर तीही काळी झाली असती. ही ताजी होती. मी परातीत पट्टा सरळ आडवा ठेवीत असे, आणि काढताना तो किंचित गोल वळलेला मिळत असे.

मी आणखी एकदा पिठी बदलली, कारण काम अर्धे सोडणे माझ्या हाताला ठाऊक नव्हते. सकाळी सुरकुती त्याच्याही आतल्या छिद्रावर गेली होती. मग मी नामस्मरण करीत पट्टा मांडीवर घेतला. जितके तेल मी काढीत होतो, तितकी ती कमर बारीक होत होती.

त्या दुपारी सुलोचनाबाई एकट्या आल्या. मी पट्टा त्यांच्या हाती दिला. त्यांनी छिद्रांवरून बोट फिरवले, आणि आजारी मुलाच्या कपाळाला हात लावल्यावर आईचा चेहरा व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"लई वाळले," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला हे ठाऊक होते?"

"मले काय ठाऊक असन, बुवा? पट्टा तेल पेत गेला, मी देत गेली. पेनारं कोनी असल्याशिवाय कोनी पेते काय?" त्यांनी पट्टा परत माझ्यासमोर ठेवला. "परवा भावजी याले पानांवर ठेवतीन. मी घरच्यायले नाही म्हनू शकत नाही. पोरगी लग्नाची आहे. कुंकू पुसाले माही ना नाही. पन याले जाळू नोका देऊ."

मी देवळात गेलो आणि देवासमोर उभा राहिलो. एका पारड्यात जागेश्वरांशी खोटे वागणे होते. दुसऱ्या पारड्यात काय होते, ते मला धड सांगता आले नसते. देवाने काही सांगितले नाही, पण मन निवले. परत येऊन मी तितक्याच रुंदीचे चामडे काढले, तसाच पट्टा कापला, तशीच कडी लावली, मिठाच्या पाण्याने तिची चमक घालवली, आणि दगडावर घासून पट्ट्याला वय दिले.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर न्यायला आले तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ते खूष झाले.

"वा बुवा! नवाच करून देल्ला तुमी त!"

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

घाटावरचा विधी नीट पार पडला. पळसाच्या पानांचा माणूस शांतपणे जळला, कोणतीही ज्वाला भडकली नाही, आणि जागेश्वर आपल्या भावासाठी मनापासून रडले. सुलोचनाबाईंनी कुंकू पुसले, बांगड्या काढून ठेवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. घरी जाण्याआधी त्या माझ्या ओट्याशी थांबल्या. खरा पट्टा मी कोऱ्या फडक्यात बांधून ठेवला होता. तो त्यांनी पदराखाली घेतला, आणि तोंडावर हलकासा हात धरून म्हणाल्या, "आज जरा जास्तीच देतो. भूक लागली असन."

फाल्गुनात त्यांच्या पुतणीचे लग्न जमले. मांडवात मी अभंग म्हटले, जागेश्वरांनी मला आग्रह करकरून जेवू घातले, आणि परतताना सगळे जसे व्हावे तसे झाले असे मला वाटले. त्या वर्षी धान चांगले पिकले होते, नदीला पाणी होते, माझा हात अजून कापत नव्हता.

चैत्रातल्या एका सकाळी, काकडा आटोपून मी नुकताच कामाला बसलो असता, सुलोचनाबाई पदराखालून तो पट्टा काढीत ओट्यावर टेकल्या. तो पुन्हा तेलाने तकतकत होता. कडीचा काटा अगदी टोकाच्या छिद्रावर ताणून बसल्याची खूण तिथे होती, आणि छिद्र लांबट झाले होते.

"बुवा, टोकाले अजून एक छिद्र पाडून द्या," त्या समाधानाने म्हणाल्या. "आता बसत नाही."

मी पट्टा लाकडी ठोकळ्यावर घेतला, जागा बोटाने मोजली आणि आरी टेकवली. चामडे कोमट होते. आणि मी जोर देण्याआधी, माप घेताना एखादा जाडसर माणूस लाजून पोट आत ओढून धरतो, तसा तो पट्टा माझ्या हाताखाली हलकेच आक्रसला आणि श्वास रोखून थांबला.