मास्तरांचे श्रोते

बोटं थरथरतात म्हणून मास्तरांना वाद्यवृंदातून काढलं. त्यानंतर अकरा वर्षं त्यांचं व्हायोलिन धाकट्या बहिणीखेरीज कुणी ऐकलं नव्हतं, आणि ती बिचारी उठून जाणार कुठे! दोघांचीही लग्नं झाली नव्हती. घर दोन खोल्यांचं, मागच्या भिंतीला लागून जवाहिऱ्याचं दुकान.

एका सकाळी तिघे जण दारात उभे राहिले. पुढच्याला त्याचे साथीदार टकलू म्हणत.

"मास्तर, शास्त्रीय संगीत बुडत चाललंय," टकलू म्हणाला. "तुमचं वादन रेकॉर्ड करून ठेवायचंय. यंत्रं मागच्या खोलीत बसवतो. धूळ चालत नाही त्यांना, तेव्हा तिकडे कुणी यायचं नाही. तुम्ही फक्त वाजवा."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी दाढी केली, सदऱ्याला इस्त्री केली आणि वाजवायला बसले. आत दोघे भिंत फोडू लागले. टकलू समोर डोळे मिटून मान डोलवत बसला. मास्तरांनी सूर जरा बारीक केला, की दचकून डोळे उघडायचा.

"जोरात, मास्तर! यंत्राला ऐकू गेलं पाहिजे!"

चार दिवस मास्तरांनी जीव तोडून वाजवलं. बोटांची सालटी निघाली.

बहिणीला दुसऱ्याच दिवशी कळलं. चहा द्यायला तिने मागच्या खोलीचं दार ठोठावलं, तर कप घेणाऱ्याच्या भुवयांवर विटांचा भुगा. ती परत फिरली. पुढच्या खोलीत भाऊ टकलूला सांगत होता, "तुमच्यासारखा कान फार थोड्यांना असतो." ती गप्प बसली.

पाचव्या दिवशी श्रोत्यांऐवजी पोलीस आले. मागच्या भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं.

"तुम्हाला आवाज आला नाही?" फौजदाराने विचारलं.

"माझं रेकॉर्डिंग चाललं होतं," मास्तर ताठ मानेने म्हणाले.

फौजदाराने ते यंत्र उघडलं. नुसतं खोकं, आत बिस्किटांचे कागद. शिपाई तोंड फिरवून हसले.

महिन्याभरात तिघेही सापडले. कोर्टात जवाहिऱ्या म्हणाला, "ठोकाठोक ऐकू यायची, साहेब. मला वाटलं, मास्तरांचा हात आणखी बिघडला."

टकलूला वकिलाने विचारलं, यांनाच का गाठलंत?

"आधी रेडिओच लावणार होतो," तो म्हणाला. "पण रेडिओ मधेच बातम्या देतो. हे थांबायचं नावच घेत नाहीत."

न्यायाधीशांनीसुद्धा तोंडावर रुमाल धरला.

घराच्या दारात बहीण म्हणाली, "दादा, मला माहीत होतं रे."

मास्तर थबकले. "मग बोलली का नाहीस?"

"तू खूश होतास."

"तेवढंच?"

ती कुलूप काढत म्हणाली, "मी तरी एकटीने किती वर्षं ऐकायचं? म्हटलं, चार दिवस दुसऱ्यांनी ऐकू दे."

रात्री तिने वाढलेलं ताट मास्तरांनी घेतलं, दुसरं कोण वाढणार होतं, आणि तिच्याकडे पाठ करून ते जेवले.