फोटोतली शिडी

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या अंगावर पोचे असतात, ओरखडे असतात. माझ्या अंगावर तसं काही नाही. मी तीन पायऱ्यांची, निळी, घडीची, घरात वापरायची शिडी आहे. वयाने जुनी आहे, पण माझी एकही पायरी झिजलेली नाही. माझ्यावर चढून आजवर कुणी माळ्यावरचा डबा काढला नाही की छताचा बल्ब बदलला नाही. तरीही माझी तारीफ तुमच्यापैकी कुणीतरी वाचलेली असणार. कदाचित ती वाचून एखादी शिडी मागवलीही असेल.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. मला घडवणारा वेल्डर कमी बोलायचा आणि जास्त खोकायचा. त्याने माझ्यासाठी जाड पाईप निवडला, प्रत्येक जोड दोन्ही बाजूंनी भरून घेतला, पायऱ्यांवर खरबरीत रबर चिकटवलं आणि पायांना रबरी टोप्या घातल्या. मग स्वतःच वरच्या पायरीवर चढून त्याने चांगल्या दणादण उड्या मारल्या. मी जागची हलले नाही.

"घ्या," तो मालकाला म्हणाला. "हत्ती चढवा आता."

मालकाने मला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं आणि तो खूश झाला. "झकास! अशी एकच पुरे."

"एकच?"

"बाकीच्यांना पातळ पाईप लाव. जोड एका बाजूनेच भर. ही फक्त दाखवायला."

वेल्डरने काळा चष्मा कपाळावर सरकवला. "मग दाखवायला तरी चांगली कशाला?"

"अरे बाबा, लोक बघूनच तर घेतात!"

माझ्याच रंगाच्या, माझ्याच उंचीच्या बहिणी त्यानंतर भराभर तयार झाल्या आणि खोक्यांत बंद होऊन निघून गेल्या. मला एकटीला मात्र कापडात गुंडाळून जपून नेलं. मला अभिमान वाटला होता. तेव्हा मला काहीतरी वाटायचं तरी.

मला जिथे नेलं ती एक लांबलचक खोली होती. तिच्या एका भिंतीवर स्वयंपाकघराच्या टाइल्स होत्या, दुसरीला फुलाफुलांचा कागद, तिसरीपाशी रिकामं कपाट. वर दांडीला निरनिराळे पडदे. पडदा बदलला, उशी बदलली, कुंडी इकडची तिकडे केली, की झालं वेगळं घर! अशा कितीतरी घरांत मी त्या एकाच खोलीत राहून आले. एका कोपऱ्यात चपला, बूट, सपाता आणि मोजे यांचा ढीग असे. त्यात एक भोक पडलेला मोजाही मुद्दाम ठेवलेला होता, कारण खऱ्या घरात मोजे फाटकेच असतात असं फोटोवाल्याचं म्हणणं होतं.

ते सगळं घालायची ताई. तिचं काम माझ्यावर उभं राहण्याचं. फोटोत तिचा चेहरा कधी येत नसे, फक्त गुडघ्याच्या खालचा भाग. फोटोवाला तिला गमतीने पायवाली म्हणायचा. ती सकाळी पैंजण घालून नवी नवरी व्हायची, दुपारी सपाता घालून आजी, आणि पँट वर दुमडून बूट चढवले की कुणाचा तरी नवरा. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. अनवाणी फोटो काढताना ती ते बोट लपवायला बघायची.

"राहू दे गं," फोटोवाला म्हणायचा. "अशा बोटामुळेच खरं वाटतं."

फोटो झाले की ताई माझ्याच मधल्या पायरीवर बसून मोबाईलवर रिव्ह्यू लिहायची. लिहिताना ती पुटपुटायची, म्हणून मला सगळं पाठ झालं. "सासूबाई न घाबरता चढतात." "आमच्या ह्यांनी चक्क न कुरकुरता पंखा पुसला!" "बांधकामातला माणूस आहे, डोळे झाकून घ्या." सगळेच पाच स्टार दिले तर लोकांना संशय येतो, म्हणून मधूनच एखादा चार स्टारचा असे आणि त्यात बारीकशी तक्रार घातलेली असे. रंग फोटोपेक्षा थोडा फिका आहे, खोकं जरा चेपलेलं आलं, असं काहीतरी. ती तक्रार लिहायला ताईला सर्वांत जास्त वेळ लागायचा. खोटी तक्रार खरी वाटायला हवी ना!

आणि गंमत बघा, त्या कौतुकात माझ्याबद्दल चुकीचं असं काही नव्हतं. मी मजबूत होते, डगमगत नव्हते. फक्त वाचणाऱ्याच्या घरी मी जाणार नव्हते. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. मग नुसतंच कळायचं, वाटायचं नाही. ताईचंही तसंच झालं असावं. ती चढायची, उतरायची, चप्पल बदलायची आणि पुन्हा चढायची. घरी तिने ऑनलाईन कंपनीत कामाला आहे एवढंच सांगितलं होतं, आणि कुणी खोलात विचारलं नव्हतं.

एके दिवशी ती माझ्यावर बसलेली असताना तिच्या दादाचा फोन आला. ती दुसऱ्या पायात मोजा चढवत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"वहिनी पडली तुझी. हाताला लागलंय, मनगटाला. दवाखान्यात आहोत."

"अगं बाई! कशा पडल्या?"

"पार्लरमध्ये. वरच्या फळीवरचे टॉवेल काढत होती. शिडीचा पाय वाकला."

"कसली शिडी?" ताईने विचारलं.

"नवीनच होती गं, ऑनलाईन मागवलेली. निळी. अगं, तिने तुझ्या भरवशावर घेतली ना! फोटोत तुझं बोट ओळखलं तिने. मला बोलावून दाखवलं, म्हणे बघा, आपली ताईच उभी आहे हिच्यावर, आता आणखी कुणाला विचारायचं?"

ताईच्या वहिनी केस कापायच्या. घराखालीच त्यांचं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. लग्न होऊन आल्यापासून ताईचे पाय घासून, नखं रंगवून देण्याचं काम त्यांनी हौसेने केलं होतं. अख्ख्या जगात ती करंगळी फोटोवरून ओळखणारं दुसरं कोण असणार? बाकी लोक खोटी नावं वाचून फसले. वहिनींनी खरं माणूस ओळखलं आणि त्यामुळे त्या फसल्या.

ताईने फोन ठेवला. अर्धवट राहिलेला मोजा तिने ओढून वर घेतला. मग फोटोवाल्याने पडदा बदलला आणि ती उठून उभी राहिली.

वहिनींचं मनगट तर मोडलंच, आणि प्लास्टर निघाल्यावरही उजव्या हाताची बोटं नीट मिटेनात. कात्री धरली की ती सुटायची. त्यांनी डाव्या हाताने, एकेक अक्षर दाबत, त्या शिडीबद्दल लिहिलं. सोबत वाकलेल्या पायाचा फोटोही टाकला. एक स्टार. पुष्कळ लोकांना तो उपयोगी वाटला, म्हणून तो सगळ्यांत वर येऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी मालक खोलीत हजर झाला. त्याने ताईसमोर मोबाईल धरला. "हे वर दिसतंय. विक्री बसली. याच्यावर भरपूर नवीन टाक, आजच. खाली गेलं पाहिजे."

फोटोत वाकलेल्या पायामागे आरसा होता, खुर्ची होती, गुलाबी टॉवेलांचा गठ्ठा होता. ती जागा कुणाची हे ताईला न वाचताच कळलं. मालकाला ते ठाऊक नव्हतं. ही माझी वहिनी आहे एवढंच तिने म्हणायचं होतं. ती म्हणेल असं मला वाटलं होतं.

"बरं," ती म्हणाली.

त्या दिवशी ती माझ्यावर जितकी चढली तितकी कधीच चढली नव्हती. ढीगभर चपला झाल्या, सगळे पडदे झाले. ती रडली नाही. तिचे पाय गार होते, आणि मी तर लोखंडच. संध्याकाळपर्यंत वहिनींचं लिहिलेलं खाली खाली जात दिसेनासं झालं. मालकाने सगळ्यांसाठी थंड पेय मागवलं.

पुढे प्लॅस्टिकची नवी शिडी आली आणि माझी गरज संपली. मला भंगारात काढायचं ठरलं. "मी नेऊ का हिला?" ताईने विचारलं. मालकाने हात हलवून ने म्हटलं. ती मला काखेत धरून थेट पार्लरमध्ये घेऊन गेली. वहिनींना काहीतरी देऊन मोकळं व्हायचं, तर तिला एवढंच सुचलं असेल.

खुर्चीत एक गिऱ्हाईक केस ओले करून बसलं होतं. वहिनी डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर पाणी सोडत होत्या. कापायचं काम आता होत नव्हतं, फक्त केस धुणं चालू होतं.

"वहिनी, ही तुमच्यासाठी. ही मजबूत आहे."

"अगं, पुन्हा शिडी?" वहिनी हसल्या. "पुन्हा पडायची हौस आलीय का मला? ठेव तिथे. बरं झालं आलीस, एक काम होतं तुझ्याकडे. मी त्या शिडीबद्दल लिहिलेलं ना, ते कुठे दिसतच नाही बघ. पुसलं का त्यांनी? तुला त्यातलं कळतं. शोधून दे ना."

"असेल. खाली गेलं असेल."

"मग जा की खाली."

ताईने मोबाईल काढला. तिचा अंगठा वर सरकत राहिला. वहिनी ओला हात पदराला पुसत तिच्या खांद्यावरून वाकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "थांब. हा तुझाच पाय ना?"

"हो."

"आणि हा, बूट घातलेला?"

"तोही."

"ही आजी कोण म्हणायची?"

"मीच, वहिनी."

अंगठा सरकत होता. शेवटी वाकलेला पाय आणि गुलाबी टॉवेल दिसले. वहिनींनी आपलं लिहिलेलं पाहिलं, मग वर चढत गेलेले सगळे पाय पाहिले. "हे वरचं सगळं कधीचं?"

ताईला अजूनही खोटं बोलता आलं असतं. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "तुमचं आल्यानंतरचं. तुमचं आहे हे मला माहीत होतं."

आरशातून बघणाऱ्या गिऱ्हाइकाने नजर खाली वळवली.

"तू चढली होतीस तरी का खरंच?" वहिनींनी विचारलं.

"चढले होते. पण हिच्यावर." ताईने माझ्याकडे बोट केलं.

वहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा जाड पाईप चाचपला, दोन्ही बाजूंनी भरलेला जोड पाहिला. "मग मला ही का नाही आली गं?"

वहिनी परत खुर्चीकडे गेल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "पाणी फार गार नाही ना?"

ताईने ते काम सोडलं. आपल्या खऱ्या नावाने, माझा आणि त्या मोडक्या शिडीचा शेजारी शेजारी फोटो लावून तिने सगळं लिहिलंही. नियमात बसत नाही म्हणून ते लगेच काढून टाकण्यात आलं. तिने पुन्हा लिहिलं. ते राहिलं की गेलं, मला ठाऊक नाही. ती अजून पार्लरमध्ये येते, झाडलोट करते, टॉवेल धुऊन वाळत घालते. वहिनी तिच्याशी बोलतात, पण पाय पुढे कर असं कधी म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, वस्तू मागवाल, त्यांच्याबद्दल लिहालही. जी वस्तू तुमच्या घरी आली, जिच्यावर तुमचा भार पडला, तिच्याबद्दलच लिहा. चांगली असेल तर चांगली म्हणा, मोडली तर मोडली म्हणा. कुणी मोडली म्हणून लिहिलं असेल तर ते शोधून वाचा, कितीही खाली गेलेलं असलं तरी. ते लिहायला कुणाला तरी एकेक अक्षर दाबावं लागलेलं असतं.

मी पार्लरच्या दाराशी उभी असते. टॉवेल अजून वरच्या फळीवरच आहेत. लागले की वहिनी येणाऱ्याजाणाऱ्या उंच माणसाला हाक मारतात, आणि कुणी नसलंच तर गिऱ्हाइकाला थांबायला सांगतात. माझ्यात काहीच दोष नाही, मित्रांनो. वहिनींनी माझ्यावर अजून एकदाही पाय ठेवलेला नाही.