मधला खांब कुणी खचवला?

ओव्हरसियर मधुकर शेंडे मूळचा वाईचा. हुशार, कामसू आणि संशयी. संशयाचा वारसा आईकडून आलेला. त्या माउलीनं उभ्या जन्मात दूधवाल्यावर एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता. १९४४ सालच्या चैत्रात विट्याच्या पलीकडे एका ओढ्यावर तो सरकारी पूल बांधून घेत होता. त्याच्या नावावरचं पहिलंच मोठं काम.

एका सकाळी त्यानं मधल्या खांबावरून ओळंबा सोडला. खांब चांगला दोन बोटं कलला होता. पायापासून माथ्यापर्यंत चीर गेली होती.

"कुणाचे उद्योग हे?" त्यानं मुकादमाला विचारलं.

मुकादम जोतीराम पन्नाशीचा, जन्म दगडात गेलेला. "काय सांगावं, सायेब," एवढंच बोलून त्यानं नजर खाली वळवली.

त्या खालच्या नजरेनं घात केला. मधूच्या मनात पाल चुकचुकली. दिवसच तसे होते. भूमिगत पोरांनी चावड्या जाळल्या होत्या, टपाल लुटलं होतं. सरकारचा एक खांब खचवणं त्यांना काय जड होतं? आणि जोतीरामचा पोरगा अर्जुना, काल संध्याकाळपर्यंत कामावर असलेला, आज कुठंच दिसत नव्हता.

"मामाकडं ग्येलाय, जतला. मेंढरं बगाया," जोतीराम म्हणाला.

कालपर्यंत या अर्जुनाला मामा असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस मधूनं डोळ्यांत तेल घालून काढले. तो आला की गवंड्यांच्या गप्पा बंद पडत. जोतीरामची बायको तानुबाई दुपारी भाकरीची दोन गाठोडी घेऊन येई. एक नवऱ्यापुढं ठेवी, दुसरं घेऊन पलीकडच्या उसात शिरे आणि घटकाभरानं मोकळं फडकं झटकत परते. चुना दळायच्या घाण्यामागं दडून मधू हे पाहत असे. सरकारी अधिकारी एका पोक्त बाईवर पाळत ठेवतोय, याची त्याला लाजही वाटली नाही. उलट आपण किती चतुर, असंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी साताऱ्याहून इंजिनियरसाहेब मोटारीनं आले. त्यांनी खांबाकडं लांबूनच पाहिलं.

"भूमिगतांचं काम, दुसरं काय! संशयिताचं नाव घालून रिपोर्ट लिही. फौजदार उद्या येईल. तुझ्यावर काही यायचं नाही."

साहेब विट्याच्या बंगल्यावर मुक्कामाला गेले. माझ्यावर येण्यासारखं आहेच काय, असं म्हणत मधूनं तिथंच खोक्यावर बसून रिपोर्ट लिहिला. 'संशयित : अर्जुना जोतीराम.' आता पाया किती उकरलाय त्याचं माप तेवढं टाकायचं राहिलं. त्यानं खांबालगत खड्डा खणून घेतला आणि टेप घेऊन स्वतः आत उतरला.

उकरल्याची एकही खूण नव्हती. माती घट्ट, जुनी, पाण्यानं बसलेली. खाली खांबाचे दगड एका थोरल्या धोंड्यावर टेकले होते. धोंडा एका अंगाला कलला होता, आणि त्याच्याखाली बोटानं सुटणारा पिवळा मुरूम होता. खडक नव्हताच.

मधूला मार्गशीर्षातली, पाया भरला ती सकाळ आठवली. पायाच्या खड्ड्यात कंबरभर पाणी, आणि हा सर्दीनं बेजार, गळ्याला मफलर गुंडाळून काठावर उभा. जोतीरामनं तळाला पहार मारली, ठण्ण वाजली. मधू म्हणाला, "लागला खडक. भरा." पाण्यात उभा राहून जोतीराम म्हणाला होता, "सायेब, धोंडा वाटतोय. आवाज बसका हाय. आजून हातभर जाऊया. तुमी खाली या, हात लावून बगा." दोन दिवसांनी साहेबांची तपासणी होती. "भरा म्हटलं ना!" मधू खेकसला होता. वर नोंदवहीत लिहिलं, 'खडक स्वतः उतरून पाहिला.' पठ्ठ्यानं पायातले बूटसुद्धा काढले नव्हते.

त्यानं मान वर केली. काठावर जोतीराम उभा होता.

खड्डा बुजवायला पाव तास पुरला असता. रिपोर्ट खिशात तयार होता, आणि मुकादमाच्या शब्दाला साताऱ्यात कोण विचारतो? नोकरी गेली तर वाईला तोंड कसं दाखवायचं, हेही मधूच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा. पण फौजदारानं चौकशी केलेला एक पोरगा त्यानं पाटणला पाहिला होता. त्याला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. मधूला स्वतःची शिसारी आली. त्यानं रिपोर्ट फाडला आणि खड्ड्यातच दुसरा लिहिला, एक नक्कलही केली.

बंगल्यावर साहेबांनी तो दोनदा वाचला. "शेंडे, डोकं फिरलं काय? एका खेडवळ पोरासाठी? बढती तर गेलीच, नोकरीही राहायची नाही."

"पाया मी पास केला होता, साहेब. न बघता."

"जा, मर मग!" साहेबांनी नकलेवर 'पोचला' म्हणून सही ठोकली आणि ती अंगावर फेकली.

ओढ्यावर परतून मधूनं सगळ्यांसमोर कागद वाचला. "पाया खडकावर नाही. मुकादमानं सांगूनही मी तपासला नाही. तपासल्याची नोंद मी खोटी केली. खांब कुणीही खचवलेला नाही."

गवंडी एकमेकांकडं बघू लागले. त्याला वाटलं होतं, निदान जोतीराम तरी काही बोलेल.

जोतीरामनं हात पुढं केला. "त्यो कागूद जरा द्या."

"तुला वाचता कुठं येतं?"

"मला न्हाई. हरिबा मास्तरास्नी येतं."

तो गावाकडं निघून गेला. मधू बाभळीखाली उभा राहिला. गवंडी काम थांबवून त्याच्याकडं बघत होते, तिरप्या नजरेनं. अर्ध्या तासात त्याला तीनदा घाम फुटला.

जोतीराम परतला. कागद नीट घडी करून त्यानं मधूच्या हातात दिला.

"व्हय. वाचला तसंच लिवलंय. सायबाची सही बी हाय." मग उसाकडं बघत म्हणाला, "आर्जुना जतला न्हाई. त्यो भूमिगत बी न्हाई. चीर मलाच पयली दिसली, पाटंचं. तवाच त्येला उसात धाडला."

"का? त्यानं तर काहीच केलं नव्हतं!"

"म्हनूनशान तर. करनारा पळून जातो, न करनारा घरात घावतो."

लपवण्यात आता अर्थ नव्हता. "जोतीराम, पहिल्या रिपोर्टात मी त्याचंच नाव घातलं होतं."

जोतीरामच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "ठावं हाय, सायेब," तो म्हणाला. "दुसरं कुनाचं लिवणार हुता तुमी?"